पाच घरांना सांगायचं होतं

छातीच्या फोटोत डाग दिसला त्या आठवड्यात मी देवाला हात जोडणं बंद केलं होतं. हे लिहिताना आजही संकोच वाटतो, कारण माझे वडील आमच्या गावच्या दत्ताच्या देवळात पुजारी होते आणि मी देवाच्या नैवेद्यावरच वाढलो. आमच्या घरात मराठी शाळेच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी पुण्याला येऊन बी.ए. झालो, एका शाळेत नोकरी ठरली, आणि त्या नोकरीसाठी प्रकृतीचा दाखला हवा म्हणून डॉक्टरांकडे गेलो. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. क्षयावर नवी इंजेक्शनं आली होती, पण नुसतं नाव ऐकलं तरी माणसं दार लोटून घेत. गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि उजवीकडे वरच्या बाजूला बोट ठेवलं. त्यांना जे दिसत होतं ते मला नीट दिसलंही नाही. मनात एवढंच आलं, की चार वर्षं अर्धपोटी राहून शिकलो त्याचं हे फळ देणारा देव असेल, तर त्याच्याशी बोलण्यासारखं काय उरलं?

मी पुण्यात वारावर जेवत होतो. आताच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. गरीब विद्यार्थ्याने वेगवेगळ्या घरी आठवड्यातला एकेक वार लावून घ्यायचा आणि त्या दिवशी त्या घरी जेवायचं, अशी तेव्हा रीत होती. सदाशिव पेठेत आणि आसपास मला अशी पाच घरं मिळाली होती. मंगळवार आणि शुक्रवार शेंगदाणे-गुळावर निघत. डॉक्टरांना हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या घरांत लहान मुलं आहेत?"

"दोन घरांत आहेत."

"मग त्यांना सांगा. पाचही घरी. मुलांना माझ्याकडे घेऊन या म्हणावं, मी काही घेणार नाही. आणि हे काम चिठ्ठीने करू नका, स्वतः जा."

मिरजेकडच्या एका आरोग्यधामात त्यांनी माझ्यासाठी खाट मिळवली. सोमवारी संध्याकाळच्या गाडीने मी पुणं सोडायचं, असं ठरलं.

सोमवारी सकाळी उठून मी दिवसभराच्या कामांची यादी केली. ग्रंथालयाची पुस्तकं परत करायची, रेशनकार्डावरून नाव कमी करायचं, दोन चादरी, थर्मामीटर, झाकणाचं थुंकीचं भांडं आणि स्वतःचं ताट-वाटी-पेला घ्यायचा, खोलीची किल्ली मालकांना द्यायची. पाच घरं यादीत नव्हती. गावाला आई आजारी आहे असं सांगून निघून जावं, किंवा कुणाला काही न सांगताच जावं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. रविवारी तर मी जेवायलाच गेलो नव्हतो.

रेशनच्या कचेरीत कारकुनाने मान वर न करता विचारलं, "पुणं सोडताय ते कायमचं की तात्पुरतं?"

"अजून नक्की माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नसलं तरी चालेल, कार्डाला माहीत असावं लागतं." मी "कायमचं" म्हणालो. त्याने माझ्या नावावर रेघ ओढली.

तिथून रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानात गेलो. एक पितळी ताट, एक वाटी, एक पेला एवढंच मागितलं तेव्हा दुकानदार आपल्या भागीदाराकडे बघून म्हणाला, "लग्न ठरलेलं दिसतंय. एकाच ताटात जेवणार दोघं!" मग छिन्नी-हातोडी पुढे ओढून म्हणाला, "बोला, काय नाव घालू? नाव फुकट घालून देतो आम्ही."

"नाव नको."

"अहो, नाव नसलं तर भांडं बदललं जातं."

"माझं बदलणार नाही कुणी," मी म्हणालो. तो हसला. त्याला वाटलं, मीही विनोदच केला. चार वर्षं दुसऱ्यांच्या ताटात जेवलेल्या माणसाचं ते पहिलं स्वतःचं ताट होतं. ते वर्तमानपत्रात गुंडाळून मी काखेत धरलं.

अकराच्या सुमाराला सोमवारच्या घरी पोहोचलो. तिथे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले काका आणि काकू असे दोघंच राहत. पाट मांडलेला होता, पान वाढलेलं होतं. शेवटचं जेवून घ्यावं आणि हात धुताना आईच्या आजाराचं सांगावं, असा माझा बेत होता. पण पाटाजवळ जाताच खोकल्याची उबळ आली, आणि काका वर्तमानपत्रामागून म्हणाले, "अहो, तो खोकला दाखवा कुणाला तरी. का आमच्या भिंतींनाच ऐकवायचा आहे?"

त्यांनी सरळ विचारलं आणि मला खोटं सुचलं नाही. "दाखवला," मी म्हणालो, "क्षय आहे."

वर्तमानपत्र खाली आलं. काकूंच्या हातात आमटीची पळी होती, ती तशीच राहिली. "कधीपासून?" एवढंच त्यांनी विचारलं. काका उठून दारापर्यंत आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "चार वर्षं आम्ही तुम्हाला वाढलं. आज तुम्ही आम्हाला वाढलंत. या आता." मी पायऱ्या उतरून खाली आलो तोवर वर भांडी आदळल्याचा आवाज येऊ लागला होता.

त्यांचा राग खोटा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण खरं बोलून काय मिळालं ते दिसलं होतं. उरलेल्या चार घरी जायचं नाही असं ठरवून मी नदीकडे चालू लागलो. गाडीला अजून बरेच तास होते. नदीकाठी महादेवाचं एक देऊळ आहे, त्याच्या पायरीवर सावली बघून बसलो. दर्शनाला गेलो नव्हतो. गाभाऱ्याकडे पाठ करूनच बसलो होतो. तिथे पुन्हा उबळ आली आणि या वेळी दगडी पायरीवर रक्त पडलं. खोकल्यातलं रक्त मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शेजारी एक बाई ओलं फडकं पसरून सोमवारचा बेल विकत बसली होती. ती उठली, पायरीखालची ओंजळभर माती आणून तिने त्यावर टाकली आणि आपला पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला.

मी मागे सरकलो. "नको बाई. मला क्षय आहे. मी तुमच्या तांब्याला तोंड लावणार नाही."

"तोंड कशाला लावतासा? वंजळ धरा, मी वरनं वतते."

मी ओंजळ धरली. तिने धार सोडली आणि मी पोटभर पाणी प्यायलो. रोगाचं नाव ऐकूनही माझ्यापासून मागे न सरकलेलं ते पहिलं माणूस होतं. ती विश्रांतवाडीकडची, दर सोमवारी बेल घेऊन चालत येणारी. तिने विचारलं, "घरी ठावं हाय का?"

घर इथे नाही, मी वारावर जेवतो, पाचांपैकी एका घरी सांगितलं, त्यांनी घालवून दिलं, आता संध्याकाळच्या गाडीने जातोय, हे मी तिला सांगून टाकलं.

"आन् बाकीची चार?"

मी काखेतलं गुंडाळलेलं ताट दुसऱ्या बाजूला घेतलं. ती बेलाच्या जुड्या सारख्या करता करता, माझ्याकडे न बघता बोलली.

"माझ्या धन्यानं मला सांगितलं न्हाई. बिडीचा खोकला हाय म्हनायचा. पोरगी त्याच्या कुशीत निजायची, तिला दुसरीकडं झोपच येत नसे. एका वर्साच्या आत दोघं गेली." जुडीला दोरा गुंडाळत म्हणाली, "सांगितलं असतं तर मी काय त्याला टाकून गेले असते व्हय? पोरीला तेवढी माझ्याकडं निजवली असती."

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, जी मी आयुष्यात फार थोड्यांना सांगितली. शनिवारच्या घरी वहिनी होत्या, त्यांचे यजमान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत, आणि चार वर्षांची एक मुलगी होती. मी जेवायला बसलो की ती माझ्या मांडीला टेकून बसे आणि माझ्या ताटातला पहिला घास तिला लागे. "भाऊजी, तिला तुमच्याच ताटातला भात गोड लागतो," असं म्हणून वहिनी हसत. गुरुवारी मला रोग कळला होता. शनिवारी मी त्या घरी गेलो, कारण मला भूक लागली होती. मुलीने तोंड उघडलं. नाही म्हणालो असतो तर वहिनींनी कारण विचारलं असतं. मी तिला घास भरवला.

बेलवालीने हे काही ऐकलं नव्हतं, आणि तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. ती फक्त म्हणाली, "बसू नगा आता. गाडी हाय न्हवं तुमची? उठा." मी उठलो. देवळात गेलो नाही, बेलही घेतला नाही. पण पाय चालू लागले ते सदाशिव पेठेच्या दिशेने, आणि ते मी चालवत होतो असं मला वाटत नव्हतं. सकाळी यादी करणारा मी आणि आता चालणारा मी यांत नेमकं काय बदललं, ते मला आजही नीट मांडता येत नाही.

वहिनींच्या दाराशी पोहोचलो तेव्हा तीन वाजले असतील. मुलगी मला बघून धावत आली. मी ओरडलो, "लांब हो!" ती दचकून तिथेच उभी राहिली आणि रडू लागली. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सगळं सांगितलं. डॉक्टरांचा पत्ता लिहिलेला कागद उंबऱ्यावर ठेवला.

वहिनींनी मुलीला उचलून घेतलं. तिच्या कपाळाला गाल लावून पाहिला. "हिला महिनाभर संध्याकाळचा बारीक ताप येतोय," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, उन्हाचा असेल." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, भाऊजी?"

"गुरुवारी."

"आज सोमवार आहे."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "शनिवारी माझ्यासमोर बसून तुम्ही तिला भरवलंत," एवढंच म्हणून त्यांनी कागद उचलला आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला नाही. काही क्षणांतच त्या मुलीला शालीत गुंडाळून बाहेर आल्या आणि माझ्याकडे न बघता झपझप रस्त्याला लागल्या. त्या डॉक्टरांच्या दवाखान्याकडे वळेपर्यंत मी बघत उभा होतो.

मग उरलेली तीन घरं झाली. बुधवारच्या घरी दोन मुलगे होते, त्यांना तपासून घेतो, एवढंच त्यांचे वडील म्हणाले. गुरुवारच्या घरी कोणी नव्हतं म्हणून ते येईपर्यंत रस्त्यावर थांबलो आणि तिथेच सांगितलं. रविवारच्या आजी एकट्या असत. त्यांनी मला भाकरी बांधून दिली, पण ती लांबून, भिंतीच्या कठड्यावर ठेवून. किल्ली देऊन, ट्रंक घेऊन मी स्टेशनवर पोहोचलो. मला निरोप द्यायला कोणी आलं नव्हतं, आणि यावं अशी माझी लायकीही नव्हती.

तीन आठवड्यांनी आरोग्यधामात वहिनींच्या यजमानांचं कार्ड आलं. मुलीच्या छातीत सुरुवात झाली होती. इंजेक्शनं चालू केली आहेत. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन महिने गेले असते तर काही खरं नव्हतं. खाली एक ओळ होती, "तुम्ही सांगितलंत म्हणून नेली. प्रकृतीला जपा." क्षमेचा शब्द त्यात नव्हता. वर्षभराने आलेल्या दुसऱ्या कार्डात ती शाळेत जाऊ लागल्याचं कळलं. वहिनींनी मला कधीच पत्र लिहिलं नाही. त्यांनी लिहावं अशी अपेक्षा करण्याइतका मी निर्लज्ज नव्हतो.

मी दोन वर्षांनी बरा होऊन गावाकडे शिक्षक झालो. बेलवाली बाई देवाने पाठवली होती का, असं लोक मला विचारतात. मला माहीत नाही. ती दर सोमवारी तिथे बसत होती. त्या सोमवारी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. त्या आठवड्यात मी देवाकडे पाठ फिरवली होती, तरी त्याने मला सोडलं नाही, इतकंच मी खात्रीने म्हणू शकतो. तिच्या दुःखाने दुसऱ्या एका आईची मुलगी वाचली. तिचं नाव मी विचारलं नाही, आणि आपल्या बोलण्याचं पुढे काय झालं हे तिला कधी कळलंही नसेल. तिचे उपकार मानण्याशिवाय माझ्या हाती काही नाही.

शरण जाणं म्हणजे डोळे मिटून सगळं देवावर टाकणं, असं मी लहानपणी देवळात ऐकत आलो होतो. माझ्या वाट्याला ते वेगळं आलं. जे बोलायला जीभ रेटत नाही ते बोलून यायचं, आणि मग ऐकणारा जे देईल ते घ्यायचं. संध्याकाळी दिवा लावताना मी आता प्रकृती मागत नाही, आयुष्यही मागत नाही. कुणाला काही सांगायचं टाळत असेन, तर आधी चपला घालून त्याच्या घरी जातो. देवापुढे बसतो ते परत आल्यावर.