रस्ता तुमचा, गाव आमचं

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत आम्ही कलकत्त्याला, बालीगंजमध्ये राहायचो. शाळेत नव्या बाई आल्या की हजेरी घेताना माझ्या आडनावाशी थांबायच्या आणि त्याच आडनावाच्या एका थोर पुढाऱ्याबद्दल विचारायच्या, "ते तुझे कोण?" मी "कुणी नाही" म्हटलं की सगळ्या वर्गाचा चेहरा पडायचा. माझं डोकंच फिरायचं. त्यात बाकावर शेजारी बसणारी मुलगी रोज ऐकवायची, की तिच्या आडनावाचा इथे रस्ता आहे.

एकदा भूगोलाच्या तासाला भिंतीवर मुंबई राज्याचा नकाशा लागला. मी न विचारताच उठले, कोकणातल्या एका बारीक ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बंगालीत ठणकावलं, "हे आमचं गाव. याला 'कर' जोडला की आमचं आडनाव. तुम्ही माणसाचं नाव रस्त्याला देता, आमच्यात गाव माणसाला नाव देतं. त्या पुढाऱ्यालाही यानंच दिलंय!"

बाईंनी वाकून ठिपक्याचं नाव वाचलं आणि मान डोलावली. बाकावरची शेजारीणही मान उंचावून तो ठिपका शोधू लागली.

ते गाव वडिलांनीही कधी पाहिलं नव्हतं. पण त्यानंतर कुणी "ते तुझे कोण?" विचारलं, की मी ताठ मानेनं सांगायचे, "आमच्या गावचे."