बेटावरच्या काकांचा पाय

रियाधच्या अल मलाझ भागातल्या एका दवाखान्यात मी सहा वर्षं नर्स होते. मग बदली झाली ती थेट समुद्रात, फरासान बेटांवर. माझ्या खोलीतल्या केरळच्या सिस्टरने मोबाईलवर नकाशा मोठा करून बघितला आणि म्हणाली, "वहाँ तो कुछ है ही नहीं." जिझान बंदरातून फेरीने तासभर, मोठ्या बेटावर उतरून गाडीने थोडं, आणि तिथून लहान होडीने आणखी अर्धा तास, की मग माझं गाव. गावाचं नाव लिहीत नाही. साठ-सत्तर घरं आहेत. नाव लिहिलं तर कोण कुठलं ते लगेच कळेल.

मी कोकणातली, खाडीकाठची. वडील मासेमारी करायचे. होडीतून उतरताना सुक्या मासळीचा वास आला आणि पाठीवर घाम टिकून राहिला, तेव्हा सौदीत पहिल्यांदा मला ओळखीचं वाटलं. रियाधमध्ये घाम येतो कधी नि वाळतो कधी, पत्ता लागत नाही.

गाव म्हणजे एकच सरळ रस्ता. एका टोकाला धक्का, दुसऱ्या टोकाला खजुराची झाडं. मधे मशीद, शाळा, एक बकाला, म्हणजे वाणसामानाचं दुकान, आणि आमचं तीन खोल्यांचं आरोग्य केंद्र. नवी घरं सिमेंटची, जुनी समुद्रातल्या दगडाची. त्या दगडांत शिंपले जसेच्या तसे दिसतात. शेळ्या मोकळ्या फिरतात आणि बकाल्याबाहेरचे पुठ्ठे खातात. बायका संध्याकाळी मोगऱ्याचे गजरे माळतात. पहिल्याच आठवड्यात एकीने माझ्याही हातात गजरा ठेवला. मी केसांत माळून दाखवला तर म्हणाली, "तुला येतं की." मग त्या कधी औषधाला आल्या की आधी माझा अंबाडा बघायच्या.

केंद्रात मी आणि एक फिलिपिनो नर्स. मागेच दोन खोल्यांत राहायचो. डॉक्टर सुदानचे, वयस्क, शांत बोलणारे. ते मोठ्या बेटावरून आठवड्यात तीनदा यायचे, वारा असला तर तेही नाही.

तिथे मला दुसरं वर्ष लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट. एका सकाळी एक म्हातारी नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. हे काका गावातले सगळ्यात वयस्क. लहानपणी मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांतली शेवटची पिढी त्यांची. त्या बुड्यांनी एक कान कायमचा गेलेला. मी त्यांना 'या अम्म' म्हणायचे, म्हणजे काका. ते मला 'या बिंती' म्हणायचे, म्हणजे मुली.

"पंधरा दिवस झाले, मला दाखवत नव्हता," काकू म्हणाल्या. "काल अंगणात पावलांचे ओले डाग दिसले."

जाळं टाकताना दगड लागला होता. साखरेमुळे पायाला जाणीव उरली नव्हती, म्हणून दुखलंही नाही. पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट काळं पडायला लागलं होतं. डॉक्टर त्या दिवशी होते. त्यांनी बराच वेळ पाय हातात धरून बघितला आणि सांगितलं, "जिझानला जायला हवं. बोट काढावं लागेल. नाहीतर पाय जाईल."

काकांनी चांगला कान पुढे करून ऐकून घेतलं. "नाही," म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

काकूंनी मला बाहेर नेऊन कारण सांगितलं. काकांचा थोरला भाऊ असाच तिकडच्या हॉस्पिटलात गेला, तिथेच वारला आणि त्याला तिथेच पुरलं. इथे जो जिथे मरतो तिथेच त्याला माती देतात, उशीर करत नाहीत. काकांना मरायचं भय नव्हतं. भय होतं ते परक्या मातीत राहायचं.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं आणि मला म्हणाले, "दोन दिवस बघू. तू बोलून बघ."

मी रोज सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग करायचे. पहिल्या दिवशी लाली जिथपर्यंत चढली होती तिथे मी पेनाने रेघ मारली. काकांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "आज इथे आहे. उद्या पुढे गेलं तर तुम्हालाच दिसेल." त्यांना ते पटलं. बुडी मारायच्या दोरावरही ते लोक खोलीच्या खुणा करायचे, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या सकाळी लाली रेघेच्या दोन बोटं वर होती. काकांनी वाकून बघितलं. मी नवी रेघ मारली नाही. स्टुलावर बसले आणि जे मी त्या गावात कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माझ्या वडिलांचा पाय असाच होता. घरच्यांनी हळद लावली, पाला बांधला. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. माझी परीक्षा म्हणून मला कुणी कळवलं नाही. मी घरी पोचले तोपर्यंत गुडघ्यापासून पाय काढावा लागला होता. इतक्या वर्षांत किती पाय धुतले असतील मी, पण तो एक माझ्या हाताखाली आला नाही. हे सांगताना माझं अरबी तुटत होतं, काकू मधे शब्द पुरवत होत्या.

"मग किती जगला?" काकांनी विचारलं.

"आठ महिने."

"त्यात समुद्रावर गेला?"

"नाही. अंगणात बसून असायचे. होडी विकली."

काका काकूंना म्हणाले, "मुलाला फोन कर."

आणि नेमका त्याच दुपारी वारा सुटला. फेरी बंद, होड्या बंद. आख्खा एक दिवस आम्ही केंद्रातल्या खाटेवर काकांना सलाईन लावून ठेवलं. ताप चढत होता. गावातल्या बायका भात, तळलेले मासे आणि चहाचे थर्मास घेऊन येत होत्या, बसत होत्या, जात होत्या. कुणी रडलं नाही. वाऱ्याची त्यांना सवय होती, मला नव्हती. मी दर तासाला दारात जाऊन पाणी बघून यायचे. काका खाटेवरून म्हणाले, "बिंती, बस. बघितल्याने तो थांबत नाही."

पुढच्या सकाळी समुद्र खाली बसला. काका, काकू, त्यांचा मुलगा आणि मी, चौघं निघालो. फेरीत काका किनारा दिसेनासा होईपर्यंत मागे तोंड करून बसले होते.

जिझानला त्यांचं ते बोट काढलं, शेजारच्याचा थोडा भाग काढला. पाय वाचला. मी दुसऱ्या दिवशी कामावर परतले. ते तीन आठवड्यांनी आले. धक्क्यावर निम्मं गाव उभं होतं. काका कुबडी घेऊन उतरले आणि सगळ्यांच्या आधी मला म्हणाले, "माझं बोट आलं का?"

मला कळेना. मुलगा हसून सांगायला लागला. ऑपरेशनच्या आधी काकांनी तिथल्या सर्जनकडून कबूल करून घेतलं होतं की काढलेलं बोट तिथे पुरायचं नाही. मुलाने रीतसर कागद करून ते कापडात गुंडाळून आठ दिवस आधीच आणलं होतं आणि आपल्या आजोबांच्या, म्हणजे काकांच्या वडिलांच्या, कबरीशेजारी पुरलं होतं. काकांना खात्री करून घ्यायची होती. ते घरी न जाता आधी तिकडेच गेले, जागा बघितली, आणि मग काकूंनी केलेलं जेवायला बसले.

जखम भरायला अडीच महिने लागले. बूट घालण्यावरून मात्र आमचं रोज वाजायचं. "बुटात समुद्र कळत नाही," ते म्हणायचे. शेवटी मुलाने रबरी बूट आणले, मऊ, पाण्यातही चालणारे. ते घालून काका पहिल्यांदा गुडघाभर पाण्यात उभे राहिले तेव्हा मी केंद्राच्या दारातून बघत होते. जाळं नीट पडलं नाही. त्यांनी ते ओढलं, झटकलं आणि पुन्हा टाकलं.

त्यानंतर मी डॉक्टरांना विचारून एक काम सुरू केलं. दर सोमवारी अस्रची, म्हणजे दुपार उतरतानाची, नमाज झाली की मशिदीबाहेरच्या ओट्यावर गावातले म्हातारे ओळीने बसतात, चपला काढून, पाय पुढे करून. मी टॉर्च घेऊन बोटांच्या बेचक्यांत, टाचांना बघत जाते. आधी ते लाजायचे. आता एखादा आला नाही तर बाकीचे त्याला घरून बोलावून आणतात. मागच्या सोमवारी बकाल्यातल्या मलबारी दुकानदाराने गुपचूप ओळीच्या शेवटी येऊन बूट काढले. त्याच्या टाचेला भेग होती, खोल. मी त्याला मलम दिलं आणि गुरुवारी यायला सांगितलं.