डिकीचं कुलूप

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे — गॅसचं, पैशांचं नाही. आणि लातूरच्या रस्त्यावर काय झालं ते तर तिलाही नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं जमेल असं वाटतंय. जमेल का? बघतो.

मी नांदेडला राहतो आणि नायगावला एका सरकारी कार्यालयात नोकरी करतो. आमच्याकडे याला अपडाऊन म्हणतात. सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं, आणि कागदोपत्री मात्र मुख्यालयीच राहतो असं दाखवायचं. म्हणजे थोडं खोटं तर आमच्या पगारातच बसलेलं असतं. पण मी सांगतोय ते त्यातलं नाही.

माझ्याकडे गाडी होती. जुनीच घेतलेली, पण चांगली, मागे मोठी डिकी असलेली. बिरादार आणि सोनकांबळे मॅडम माझ्याबरोबर यायचे. बिरादार माझ्या टेबलाशेजारचा, तोंडानं फटकळ आणि मनानं मोकळा. मॅडम आवक-जावक बघायच्या. नवरा एसटीत, देगलूर डेपोला, सुट्टी मिळाली की घरी यायचा. घरात मॅडम आणि त्यांची मुलगी समीक्षा. पेट्रोलची कॉन्ट्री ठरलेली होती — तिघांत समान भाग. बिरादारकडून मागून घ्यावी लागायची. मॅडम पगार झाला की दुसऱ्या दिवशी गाडीत बसायच्या आधीच हातात द्यायच्या. कोणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

आता माझ्या शौकाबद्दल बोलावं लागेल. मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे. कॉलेजात होतो तेव्हा हा नाद परवडायचा, कारण तो करताच यायचा नाही! छत्तीस फोटोंचा एक रोल वर्षातून दोनदा, तोही मित्राच्या कॅमेऱ्यात. लुनात दहा रुपयांचं पेट्रोल टाकलं की आठवडा निघायचा. विष्णुपुरीच्या पाण्यावर जायचं, बदकं बघायची, दोन फोटो काढायचे आणि घरी यायचं. आता फोटो फुकट झालेत, हजार काढा. पण जी लेन्स लावल्याशिवाय बदक दिसतच नाही, तिच्या किमतीत एक मोटारसायकल येते. आणि पेट्रोलचं काय सांगू? तेलाचा डेपो लांब, म्हणून आमच्या भागात ते आधीपासूनच चार पैसे वर. मी गाडी घेतली तेव्हा लिटरला सत्तरच्या आसपास होतं. बघता बघता शंभर ओलांडून गेलं. महिनाअखेरीला बायको माझ्याकडे आणि कॅमेऱ्याकडे आळीपाळीनं बघायची.

तेवढ्यात नांदेडला सीएनजी मिळायला लागला. मी एका रविवारी किट बसवून घेतलं. हे सांगण्यात काही लाज नाही, हुशारीचंच काम होतं. सोमवारी सांगायचं असं ठरवलंही होतं. पण सोमवारी बिरादार गाडीत बसता बसता म्हणाला, "काय राव, पेट्रोल परत वाढलं म्हनं. आता कितीचा भाग पडल?" आणि मी — मी आकडा सांगितला. पेट्रोलचा. तोंडातून आपसूक गेला तो. वाटलं, किटचे पैसे निघेपर्यंत चालू देऊ, मग सांगू. किटचे पैसे निघाले. मग?

मग काही नाही. चालूच राहिलं.

खोट्याला सांभाळावं लागतं. काचेवरचं हिरवं स्टिकर मी ब्लेडनं खरवडून काढलं. पेट्रोलवरून गॅसवर जायचं बटण असतं, बारीक हिरव्या दिव्याचं, ते मेकॅनिकला सांगून स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी लावून घेतलं. गॅस भरायला पहाटे रांगेत उभा राहायचो. आणि डिकी! डिकीत तर ती भली मोठी टाकी आडवी पडलेली. म्हणून डिकीचं कुलूप बिघडलं. म्हणजे मी तसं सांगितलं. "वायर तुटलीय, चावी फिरत नाही, एकदा दाखवायचंय मेकॅनिकला." मॅडम पिशव्या मांडीवर घेऊन बसायच्या. बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी, वर डबा, वर पर्स. आरशात मला ते रोज दिसायचं. मी आरसा जरा वर करून घेतला.

पेट्रोलनं शंभरी ओलांडली त्या महिन्यात कॉन्ट्री मी स्वतःहून वाढवली. कोणी विचारलं नव्हतं. हे नीट लक्षात घ्या, कारण 'तोंडातून गेलं' हे मी पहिल्या वेळेपुरतंच म्हणू शकतो. बिरादारनं सरकारला दोन शिव्या दिल्या. मॅडम म्हणाल्या, "बरं सर. मग शटलचं बघावं लागंल."

समीक्षा बॅडमिंटन खेळायची. तेराची होती, काटकुळी, पण कोर्टवर उतरली की वीज. पिसाच्या शटलचा एक डबा केवढ्याला येतो ठाऊक आहे? आमच्या काळी तेवढ्यात गल्लीचा अख्खा मोसम व्हायचा. मॅडमनी नवे डबे बंद केले. मोठ्या खेळाडूंनी वापरून टाकलेली, पिसं मोडलेली शटलं त्या निम्म्या पैशांत घ्यायला लागल्या. हे त्या गाडीत हसत हसत सांगायच्या. मी लेन्ससाठी पैसे बाजूला टाकत होतो. कुठून, ते तुम्हाला कळलंच असेल.

आता लातूर.

समीक्षा जिल्ह्यात पहिली आली. विभागाचे सामने लातूरला होते, रविवारी. चौदा वर्षांखालचा गट, आणि तिचं त्या गटातलं ते शेवटचं वर्ष. जिंकली तर राज्याला जाणार. तिचे सर बाकीच्या मुलांना घेऊन आदल्या दिवशीच गेले होते. हिला ताप होता म्हणून मॅडमनी मागे ठेवलं. रात्रीतून ताप उतरला. सकाळी मॅडमचा फोन — सर, नेता का? पेट्रोल पूर्ण मी देते. मी हो म्हटलं. चांगुलपणानं म्हटलं की पेट्रोलसाठी? दोन्ही. हे खरं उत्तर आहे.

लोहा सोडलं आणि अहमदपूरच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना हरभरा, मागचं चाक बसलं.

मी उतरलो. चाकाकडे बघितलं, मग डिकीकडे. स्टेपनी डिकीत होती. हवा भरलेली, ठणठणीत. जॅकही तिथंच होता. पंधरा मिनिटांचं काम. फक्त डिकी उघडायची होती.

मॅडम उतरून मागे आल्या. "सर, स्टेपनी हाय ना?" मी म्हणालो, "हाय, पण डिकी..." आणि चावी घालून फिरवल्याचं नाटक केलं. हाताला घाम आला होता, तो मात्र खरा होता. चावी फिरू नये म्हणून मी ती उलटी दाबून धरली होती. एवढं एक बारीक काम — कुलूप उघडू न देणं — मी किती मन लावून केलं!

एक दूधवाला मोटारसायकलवरून चालला होता. थांबला. कॅन तसेच लटकलेले. "काय झालं मालक? पंचर का?" सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आना बरं चावी हिकडं." मी दिली नाही. म्हटलं, मोडेल आत. त्यानं सीटखालून मोठा पाना काढला. "मंग हे घालून उचकटू. दोन मिन्टाचं काम हाय."

"नको नको, रंग जाईल," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "रंग जाऊ द्या की साहेब. लेकराची म्याच हाय म्हनतेत बाई."

मॅडमही बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांना माझं पटलं होतं — माणसाला आपली गाडी प्यारी असणारच, असं काहीतरी. दूधवाला म्हणाला, मागची सीट काढली तर आतून हात जाईल. मी म्हटलं, ती निघत नाही. समीक्षा त्या सीटवरच बसली होती, मांडीवर रॅकेटची बॅग घेऊन.

शेवटी तो बिचारा पुढच्या गावातून पंक्चरवाल्याला जॅकसकट घेऊन येतो म्हणून गेला. तेवढ्यात लातूरची बस आली. मॅडमनी हात केला, बस हळू झाली. त्या मला म्हणाल्या, "सर, आम्ही बसनं जातो. तुम्ही या मागून."

मी काय म्हणायला हवं होतं? हो, जा. एवढंच ना? मी म्हणालो, "नका, येतोच तो. बस अहमदपुरात अर्धा तास थांबते." खरं सांगू? त्या बसनं गेल्या असत्या तर पेट्रोलचे पैसे कोणत्या तोंडानं घेतले असते? तो विचार तेव्हा, तिथं, त्या रस्त्यावर माझ्या डोक्यात आला होता. मॅडमनी माझं ऐकलं. बस गेली.

पंक्चरवाला आला तो फार उशिरा. मी गाडी जीव खाऊन हाकली. हॉलमध्ये पोचलो तेव्हा कोर्टवर दुसऱ्याच मुली खेळत होत्या. समीक्षाचं नाव तीनदा पुकारून झालं होतं. समोरच्या मुलीला वॉकओव्हर दिला होता, आणि ती मुलगी बाकावर बसून केळं खात होती. समीक्षाचे सर पंचांशी भांडून भांडून लाल झाले होते. मॅडमनी पंचांना हात जोडले. समीक्षानं बूट बदलायला काढले होते ते परत बॅगेत घातले आणि चेन ओढली.

परतताना मॅडमना मागे आडवं होता यावं म्हणून समीक्षा पुढे बसली. मॅडमना झोप लागली. मग समीक्षानं माझ्या गुडघ्यापाशी बोट दाखवलं. "काका, हा हिरवा लाईट कशाचा?"

"एसीचा," मी म्हणालो.

"एसी तर बंद हाय."

ती बाहेर बघत, अगदी हळू म्हणाली, "आमच्या गल्लीतल्या रिक्षालाबी असाच हाय."

आता ही आईला उठवेल. आता विचारेल. लोह्यापर्यंत मी वाट बघितली, तिथून नांदेडपर्यंत बघितली. तिनं आईला उठवलं नाही. ती मान खिडकीकडे करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते, आणि मी त्या मुलीला साधं पाणी हवं का म्हणूनसुद्धा विचारलं नाही.

ती का गप्प राहिली? मी यावर खूप विचार केलाय. मला वाटतं तिनं हिशेब केला. आईचं रोजचं जाणं-येणं माझ्या गाडीवर होतं. भांडण झालं तर आई पुन्हा एसटीच्या फाट्यावर उभी राहणार. तेरा वर्षांच्या पोरीनं हे तोलून तोंड मिटलं, आणि मी पन्नाशीला आलेला माणूस सुटलो म्हणून निश्वास टाकला.

घरापाशी मॅडमनी पर्स काढली. जाण्या-येण्याचं पूर्ण पेट्रोल, वर पंक्चरचे. म्हणाल्या, "सर, आमच्यामुळं तुमचा रविवार गेला." मी घेतले. समीक्षा फाटकाशी उभी राहून बघत होती, तिच्यादेखत घेतले.

त्या हिवाळ्यात माझी लेन्स आली. समीक्षाच्या रॅकेटची तार तुटली ती पुन्हा बांधली गेली नाही. वरच्या गटात मोठ्या मुली, जास्त शटलं, जास्त फी — पुढच्या वर्षी बघू, असं मॅडम म्हणाल्या, आणि मग ते म्हणणंही बंद झालं. गाडी मी नंतर विकली. विकण्याआधी किट काढून घेतलं. कोणाला काही कळलं नाही.

गेल्या महिन्यात मॅडमची बदली जळकोटला झाली. कार्यालयात निरोप समारंभ होता. साडी, नारळ, साहेबांचं भाषण. समीक्षाही आली होती, आता कॉलेजात आहे. मॅडम बोलायला उठल्या आणि त्यांनी सगळ्यांत आधी माझं नाव घेतलं. म्हणाल्या, लेकीच्या मॅचसाठी या सरांनी स्वतःचा रविवार सोडून लातूरपर्यंत गाडी नेली होती, वाटेत एवढा त्रास झाला तरी कपाळाला आठी नव्हती. नशीब आमचं नव्हतं, पण माणूस असावा तर असा. बिरादारनं सगळ्यात आधी टाळी वाजवली.

मी समीक्षाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. आईकडे बघत होती, आणि आई खूश आहे हे बघून तिनंही टाळ्या वाजवल्या.

मला उठून उभं राहावं लागलं. मी हात जोडले आणि म्हणालो, "त्यात काय एवढं, मॅडम."