इवायानं जुळवलेली सोयरीक

साऱ्या नागपूर जिल्ह्यात नोकरीची सोयरीक जुळवणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमचा इवाई निघाला. इवाई म्हणजे व्याही, माझ्या सुनेचा बाप. कोराडीच्या वीजकेंद्रातून रिटायर झाला, पण घरी बसेल तर शपथ. कुठं माणसं कमी करणार अशी कुणकुण लागली, की हा इस्त्रीचा सदरा घालून तिथं हजर. काम सुटलेल्या माणसानं कारखान्याच्या फाटकावर एकट्यानं जाऊ नये, असं त्याचं ठाम मत. "उपवर पोरगी एकटी स्थळ पाहाले जाते का?" म्हणून हा सोबत जाणार आणि प्रश्न मालकालाच विचारणार. आधी प्यायचं पाणी, मग संडास, मग सुपरवायझरचा स्वभाव. पगार सगळ्यात शेवटी. हिंगण्याच्या एका मालकाला त्यानं विचारलं, "आधीची माणसं काहून सोडून गेली जी?" मालक भडकला. इवाई उठला आणि सोबतच्या कामगाराला म्हणाला, "चाल गा, घर भांडकुदळ दिसते." त्या मालकानंच मग फोन करून माणूस मागून घेतला.

कामठीतले आमचे माग भंगारात निघाले, तेव्हा इवायानं एकेकाला कुठं ना कुठं उजवलं. राहिलो मी, मागांचा मिस्त्री. चौथीतून शाळा सोडली, पण माग नुसत्या आवाजावरून ओळखायचो. आता पोराच्या कमाईचा चहा घशाखाली उतरेना. बायको म्हणे, "इवायाले सांगा नं." मी म्हटलं, "पोराचा बाप हावो मी! पोरीच्या बापापुढं हात पसरू?"

एका रविवारी इवाई आला तो एका साहेबाला घेऊनच. मौद्याच्या रस्त्यावर साहेबाचा प्लास्टिकची पोती विणायचा कारखाना. इवाई दारातूनच गरजला, "साहेब, चपला बाहेर काढा, हे वरपक्षाचं घर हाय! नवरदेव वयानं जरा जास्त हाय, पण हाताले गुण हाय." सुनेनं पदरात तोंड लपवलं. बाकीच्यांना त्यानं नवरी करून नेलं होतं, माझ्यासाठी मात्र नवरीचा बापच घरी आणला. पोहे झाले. साहेब बिचारा चाचरत म्हणाला, "काका, आमच्या मशीनवर धागा सारखा तुटून राहिला. येता का?"

मी सावकाश सुपारी कातरली. "पाहून सांगतो," म्हटलं.

"वरपक्ष असाच बोलते साहेब," इवाई म्हणाला. "उद्या गाडी पाठवा."

गाडी आली. मी बसलो. अजूनही तिथंच आहे, आणि धागा तुटत नाही. इवायानं उपकार कधी दाखवले नाहीत, आणि मीही आभार मानले नाहीत.

आता त्याचे गुडघे गेलेत. सदरा खुंटीवर असतो, आणि फाटकाफाटकावर माणसं एकटीच उभी दिसतात. पोराच्या बापानं न बोलावता सुनेच्या माहेरी जाऊ नये म्हणतात. मी दर रविवारी बस बदलून कोराडीला जातो.

"कशी हाय सासुरवाडी?" तो खाटेवरून कारखान्याची चौकशी करतो.

"पाणी थंड हाय," मी सांगतो.