फ्लेक्समधलं भोक

माझा जुना दोस्त दिगंबर गेल्याचं मला ऑर्डर म्हणून कळलं. नांदेडात माझं फ्लेक्स छापायचं दुकान. वाढदिवस आणि मयत, दोन्ही आधी माझ्याकडंच येतात. लातूरहून त्याच्या मुलाचा फोन आला, "काका, बाबा गेले... श्रद्धांजलीच्या बोर्डाला त्यांचा फोटो तुमच्याकडं असंल ना?" होता. पण कॉम्प्युटरात तो 'फाशी' नावाच्या फाइलीत होता, आणि तिथं तो माझ्याच गाढवपणानं गेला होता.

तीन वर्षांमागं दिगंबरच्या सख्ख्या बहिणीच्या लेकीचा इथं नांदेडात खून झाला. एकजण पकडला गेला, त्यानं कबूलही केलं. मी रडलो, चिडलो आणि मला जे एकच काम येतं ते केलं. "नराधमाला फाशी झालीच पाहिजे" असा भलामोठा फ्लेक्स छापून चौकात टांगला. खाली निवेदकांचे फोटो. पहिला आणि सगळ्यात मोठा मामाचा, म्हणजे दिगंबरचा. त्याला विचारलं नाही. आमच्या धंद्यात विचारून कोण छापतं? फोटो मोठा आला की माणूस खूश, एवढीच माझी अक्कल.

दिगंबर दुकानात आला, म्हणाला, "कातर दे." तेरवीच्या कामाला पाहिजे असेल म्हणून दिली. तर हा गुडघ्यानं अधू माणूस माझीच शिडी घेऊन चौकात! खाली शिडी धरायलाही मीच.

"उतर की रं! लोक बघून राहिले!"

"बघू दे. माझं तोंड हाय, मी नेतो."

"अरे, त्यानं कबूल केलंय!"

दिगंबर जन्मभर सरकारी मोजणीदार. वरूनच म्हणाला, "लोह्याच्या त्या शेताची मोजणी कबूल म्हणून दोघा भावांनी सह्या केल्या होत्या. तरी सात फूट चुकलीच ना माझी? जाऊन हद्दीचा दगड उपटला, नीट रोवला. फासावर गेलेल्याची फेरमोजणी कशी करतो रं तू?"

"आन् भाची? ती येती का परत?"

कातर थांबली. "न्हाई येत," म्हणाला... आणि स्वतःचं तोंड गोल कापून, घडी करून खिशात घातलं.

बहिणीनं बोलणं टाकलं. कोर्टानं जन्मठेप दिली तर तिनं ह्याच्याच नावानं बोटं मोडली, जणू निकाल ह्यानं लिहिला. दर भाऊबीजेला हा लातूरहून यायचा, तिच्या ओसरीवर बसायचा; आतून चहा यायचा, ती यायची नाही. मग माझ्या दुकानात तोंड पाडून बसायचा. मी वैतागायचो, "एकदा म्हण की तिला, फाशीच पाहिजे होती! खोटं म्हण!"

"खोटी मोजणी देत नसतो मी."

असल्या माणसाचं काय करायचं, सांगा! एक शब्द टाकला असता तर ओवाळणी झाली असती.

श्रद्धांजलीच्या बोर्डावर शोकाकुलांत बहिणीचं नाव यायचं होतं. ह्या वेळी मी फोन करून विचारलं, धंद्यात पहिल्यांदाच. ताई म्हणाल्या, "टाका. पण त्याचं मला पटलं, असं समजू नका, भाऊ."

मलाही धड पटलेलं नाही.

चौकातल्या त्या फ्लेक्सचा तुकडा आता माझी स्कूटर झाकायला आहे. भोक नेमकं सीटवर येतं. उलटा टाकून पाहिला, तरी सीटवरच. बायको म्हणते, "फ्लेक्सचं दुकान हाय, एक ठिगळ लावणं होईना?" पाच मिनिटांचं काम. पावसाळ्यात रोज सकाळी सीट पुसतो, दिगंबरला दोन शिव्या घालतो आणि ओल्या बुडानं दुकान गाठतो.