सायकलची रुंदी

नगर शहरातून, सीना नदीच्या काठाने, साडेतीन किलोमीटरचा चालण्याचा आणि सायकलीचा ट्रॅक आम्ही बांधला. आम्ही म्हणजे ठेकेदाराच्या कंपनीने, आणि तिथली साइट इंजिनिअर मी, निकिता. सीनेला नदी म्हणायचं ते पावसाळ्यात. एरवी गाळ, वेड्या बाभळी आणि शहराला नको झालेलं सगळं. ते उपसण्यातच सहा महिने गेले. मुरूम, खडी, काँक्रीट, रेलिंग यात आणखी आठ. संध्याकाळी घरी गेले की आई विचारायची, झालं का गं तुझं ते काम, आणि मला उत्तर द्यायचाही कंटाळा यायचा.

त्या अर्धवट रस्त्यावरून रोज सकाळी सहाच्या सुमाराला एक सायकल जायची. छगनमामांची. पासष्टी ओलांडलेला माणूस, डोक्याला टोपी, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लटकवलेल्या दुधाच्या किटल्या. शहराबाहेर नदीकाठी त्यांची थोडी जमीन आणि घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या तीन म्हशी होत्या. चाळीस वर्षं त्या माणसाने शहराला दूध घातलं. जाताना आमच्या कामाकडे असं बघायचे, जसं काही बिल त्यांनाच पास करायचंय. एकदा मजुरांना म्हणाले, "पानी मारा रे नीट, तडकंल ते." खरंच तडकलं. तेव्हापासून मी त्यांना चहाला थांबवायला लागले. चहाला दूध त्यांचंच.

पेव्हर ब्लॉकच्या थप्पीवर बसून त्यांनी मला त्यांची अडचण सांगितली. आधी ते हायवेने यायचे. दोन वर्षांपूर्वी एका ट्रकने हूल दिली, मामा रस्त्याच्या कडेला पडले, गुडघा गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांच्या बायकोने, चांगुणामामींनी, एकच गोष्ट सांगितली.

"ती म्हनली, म्हशी इकीन, पन तुमाला त्या हायवेला पुन्ना जाऊ देनार न्हाई. लई हट्टी हाय. मंग मी ह्यो नदीचा काठ धरला. चिखल हुता, पन ट्रक न्हवता. आता तुमी तर डांबरापरीस गुळगुळीत करून ऱ्हायल्या." मग गुडघा चोळत म्हणाले, "ह्यो रस्ता झाला तर म्हशी ऱ्हात्यात, ताई. न्हाई तर ह्या गुडघ्यानं चिखलातनं किती दिस ढकलनार?"

इतक्या लोकांनी त्या ट्रॅकबद्दल मला सांगितलं होतं: शहराची शान, आरोग्य, सुशोभीकरण. ज्याला तो खरोखर हवा होता असा मला हा एकच माणूस भेटला. त्यामुळे शेवटचे दोन महिने मी कामावर जायचे ती त्यांचं तोंड आठवूनच.

काँक्रीट वाळतंय न वाळतंय तोच मोटारसायकलवाले घुसायला लागले. आमच्या साहेबांनी फर्मान काढलं, ट्रॅकला मधे जिथे जिथे रस्ते आडवे जातात तिथे लोखंडी खांब ठोका. चार ठिकाणी. दोन खांबांत अंतर किती? नकाशात लिहिलं होतं, जागेवर पाहून ठरवावे. मी म्हटलं, आपल्याकडे सायकलवाला आहे की. मामांना सांगितलं, उद्या अकरा वाजता सायकल घेऊन या, माप घ्यायचंय, साहेबही येणार आहेत.

दुसऱ्या दिवशी मामा आले ते ओळखू येईनात. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. सायकल हौदावर धुतलेली, चेनला तेल, हँडलला बारशाच्या पाळण्याला बांधतात तशी रिबन. किटल्या काढून ठेवलेल्या, त्यांचे गंजके आकडेसुद्धा सोडवून घरी ठेवलेले. "साहेब यनार म्हनल्यावर तसली शेणामातीची आनायची का?" म्हणाले. साहेब खूश झाले. मी टेपचं एक टोक धरलं, दुसरं मामांनी. हँडलच्या या मुठीपासून त्या मुठीपर्यंत बावीस इंच. साहेब म्हणाले, ऐसपैस तीस ठेवा. मामांनी घरी जाऊन सांगितलं, खांब आपल्या सायकलच्या मापाने बसणार आहेत.

मला आजही स्वतःची चीड येते. इतके महिने मी त्या माणसाला किटल्यांसकट पाहत होते. त्यांच्या दुधाचा चहा पीत होते. आणि टेप हातात आल्यावर मला फक्त हँडल दिसलं.

खांब बसले ते उद्घाटनाच्याच दिवशी, सकाळची मामांची फेरी होऊन गेल्यावर. उद्घाटनाला ट्रॅकवरची पहिली सायकल मामांना चालवायला लावली. हार घातला, फोटो काढले. किटल्या अर्थातच नव्हत्या. रिकाम्या सायकलवर ते चारही ठिकाणच्या खांबांतून सुळकन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राहिलेली कामं बघायला तिथेच होते. मामा आले, पहिल्या खांबांपाशी पोचले आणि किटल्या खणकन दोन्हीकडे अडल्या. उतरले. मागे घेतली, तिरकी करून पाहिली. मग एक किटली काढून खांबापलीकडे ठेवली, दुसरी ठेवली, सायकल नेली, परत दोन्ही अडकवल्या. गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ तसेच वाकून उभे राहिले. तेवढ्यात मागून एक पोरगा मोटारसायकलवर आला, हँडल वाकडं करून त्याच खांबांतून निघूनही गेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "मामा, चुकलं आमचं."

"चुकलं कुटं, ताई? माप बराबर हाय. मीच त्या दिशी किटल्या काढून सायकल आनली."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ट्रॅक महापालिकेच्या ताब्यात देऊन झाला, आता एक खांब काढायचा तर नवीन मंजुरी लागेल, आणि एका दूधवाल्यासाठी कोण देणार? मी अर्ज लिहिला. त्यावर शेरा आला, मग दुसरा शेरा आला. आमच्या गोदामात लोखंड कापायचं मशीन होतं. वीस मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. दुसऱ्या साइटवर माझी बदली ठरत होती, मला नसती भानगड नको होती. हे सांगायला लाज वाटते, पण हेच खरं आहे.

नऊ दिवस मामांनी चारही ठिकाणी किटल्या उतरवल्या आणि चढवल्या. दहाव्या दिवशी आले नाहीत. त्या शुक्रवारी तिन्ही म्हशी टेम्पोत घालून घोडेगावच्या बाजाराला गेल्याचं मला चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं.

महिन्याभराने एक तुटलेला दिवा बघायला मी ट्रॅकवर गेले. सकाळची गर्दी होती, कानात गाणी लावून चालणारी. त्यात मामा दिसले. पायात पांढरे बूट, मुंबईच्या लेकाने पाठवलेले. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितलंय म्हणाले. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं. कधी पाठीमागे बांधायचे, कधी सदऱ्याच्या खिशात घालायचे. मी त्यांच्याबरोबर शेवटच्या टोकापर्यंत गेले. तिथे ट्रॅक संपतो, पुढे कुंपण आहे; दूध घालायला मामा त्याच्या आधीच शहरात वळायचे.

मामा कुंपणापाशी थांबले. इकडे तिकडे पाहिलं.

"आता हितनं कुटं जायाचं, ताई?"

"कुठे नाही, मामा. परत फिरायचं."

"बस?"

"बस."

"आनि उद्या?"

मामांनीच मान हलवली, आणि ते परत फिरले.