फॉर्मवर तीन डबे

फुप्फुसाचा लोब, म्हणजे एक अख्खा कप्पा, लॅबमध्ये कापून झाला होता. स्लाइडसाठी तुकडेही काढले होते. मग लक्षात आलं, टेबलावर लिम्फ नोड नाहीतच. हातमोजे काढून मी सर्जनना फोन लावला.

"डॉक्टर, नोड पाठवायचे राहिले का?"

"राहतील कसे? दोन वेगळे छोटे डबे आहेत. फॉर्म बघा."

फॉर्म बघितला. 'एकूण डबे तीन' असं स्वच्छ लिहिलेलं. त्याखाली 'मिळाले' म्हणून सही. सही माझीच.

मी खामगावात पॅथॉलॉजिस्ट आहे. शरीरातून काढलेला भाग मायक्रोस्कोपखाली बघून त्यात काय आहे ते सांगायचं, हे माझं काम. हे पेशंट होते रोहिणखेडचे रशीदभाई. गाद्या-रजया भरायचे, वय साठीच्या आसपास. गाठ लहान होती, लवकर सापडली होती. अशा वेळी लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की सुटलो. तसं नसतं. गाठ केवढी, वय काय, उरलेल्या फुप्फुसात दम किती, बिडी खरंच सुटली की नाही, सगळ्याचा हिशेब असतो. आणि त्यात हे नोड फार महत्त्वाचे. छातीच्या मध्यभागी शेंगदाण्याएवढ्या गाठी असतात. कॅन्सर पसरायला लागला की बहुतेकदा आधी तिथे अडकतो. त्या साफ निघाल्या आणि मूळ गाठ एवढी लहान असली, तर नुसतं लक्ष ठेवायचं. एकीतही कॅन्सर दिसला तर केमोचा विचार करावाच लागतो.

आमच्याकडे ऑपरेशननंतर डबे नातेवाइकच लॅबमध्ये आणून द्यायचे. हॉस्पिटल समोरच्या गल्लीत. सोयीचं पडतं म्हणून कोणी ही पद्धत बदलली नाही, मीही नाही. रशीदभाईंचा मुलगा अन्वर आला तेव्हा काउंटरवर गर्दी होती. त्याच्या हातातला मोठा डबा घेतला आणि सही ठोकली.

मी अन्वरला फोन केला.

"अन्वरभाई, दोन छोटे डबे कुठे आहेत?"

"ते म्या दफन केले, मॅडम. त्याच दिवशी सांजच्याले, गावच्या कबरस्तानात."

"काऊन?" माझ्या तोंडून वऱ्हाडीच निघालं.

"मले वाटलं मोठ्यावरच रिपोर्ट होते. तपासल्यावर तुम्ही तं फेकूनच देता. अब्बाचं अंग आहे ते. थोडं तरी मातीत जावं म्हटलं."

काढलेला अवयव पुरायचा ही त्यांची रीत मला ठाऊक होती. कापलेला पाय तपासून झाल्यावर अशा घरांना मी स्वतः परत दिला आहे. फुप्फुसाच्या बाबतीत विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

"डब्यासकट पुरले का?"

"नाही. पाण्यानं धुऊन, पांढऱ्या कपड्यात."

डब्यात फॉर्मालिन असतं, ते मांस सडू देत नाही. ते धुतलं गेलं होतं, आणि महिना मे होता.

"काढून आणू का?" त्यानंच विचारलं. मी हो म्हटलं. मौलवींना विचारून तो एकटाच गेला आणि दुपारी पुरचुंडी घेऊन आला. उघडली तर मुंग्या. तरी मी स्लाइड केल्या. पेशींच्या जागी नुसते डाग होते. रिपोर्टमध्ये लिहिलं, नोड तपासता आले नाहीत.

"मग केमोचं मी कशावर ठरवू?" सर्जन म्हणाले. रशीदभाईंचं हृदय आधीच कमजोर, केमो झेपेल याची खात्री नव्हती. पुरावा नसताना नको, असं ठरलं. पुढच्या वर्षी छातीच्या मध्यभागी कॅन्सर निघाला, नेमका नोडच्या जागी. तेव्हा केमो दिली. पावसाळा संपायच्या आत ते गेले.

महिन्याभरानं अन्वर लॅबमध्ये आला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"मॅडम, त्या डब्यांत होतं का? खरं सांगा. घरात सारे मलेच बोलतात. म्याच मारलं अब्बाले."

'नाही' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ते मला माहीत नव्हतं, आणि जे माहीत होतं ते मी दीड वर्ष दाबून ठेवलं होतं. त्याची लाज वाटत होती. मी फॉर्म काढून त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, तीन डबे लिहिलेत आणि सही माझी आहे. मोजले असते तर तिथल्या तिथे कळलं असतं.

"तवा ते माह्या पिशवीतच होते," तो म्हणाला. मग त्यानं सहीवर बोट ठेवलं. "दीड साल घरचे मले बोलून राह्यले. हे तवाच काऊन नाही सांगितलं?"

भीती वाटली होती, एवढंच खरं उत्तर होतं.

आता डबे आमचा माणूस आणतो. अवयव परत हवा आहे का, हे नातेवाइकांना ऑपरेशनच्या आधी विचारलं जातं. आणि सही करण्यापूर्वी मी डबे मोजते. तीनपर्यंत मोजायला डॉक्टर व्हावं लागत नाही.